थंडीची वाटणी

त्या घराचं बाहेरचं दार मी दोनदा मोजलं होतं. आतलं दार मोजायचं राहून गेलं हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फ्रिज माजघरात मधोमध उभा होता, उचलणारी माणसं घामानं निथळत होती, आणि घरातल्या बाया ओवाळायचं ताट घेऊन स्वयंपाकघरात वाट पाहत थांबल्या होत्या. फ्रिज काही त्यांच्याकडे जाईना. शेवटी बायाच फ्रिजकडे आल्या.

मी आधी हँडलं काढली. मग दोन्ही दारं उतरवली. मग आडवा करून पाहिला, तिरपा करून पाहिला. स्वयंपाकघराचं दार जुन्या काळचं, अरुंद, खाली उंच उंबरा. फ्रिज त्यात जाणार नाही हे तिथल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं, पण मी कंपनीचा शर्ट घातलेला असल्यामुळे कोणी बोलत नव्हतं. घरचे मालक, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, खाटेवर बसून शांतपणे सगळं पाहत होते. मी घाम पुसला आणि म्हणालो, "आबा, आजकाल मोठ्या शहरात फ्रिज हॉलमंदीच ठेवतात. फॅशन हाये तशी."

आबा म्हणाले, "असं काय? मंग तुमी त्याले आत घालाले काहून पाहून राह्यले होते बापा?"

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. मंगला माझी बायको, रिसोडातल्या आमच्या फ्रिजविक्री-दुरुस्तीच्या दुकानाचा सगळा हिशेब तिच्या डोक्यात असतो आणि माझ्या चुकांचाही. ती म्हणाली, "लोकायले फीत देऊन शिकवता, आधी मोजा, मंग घ्या. अन् सोता बाहेरचंच दार मोजून आले?" हे वाक्य तिनं पुढं बरीच वर्षं जपून वापरलं. मी आंघोळीला जाताना टॉवेल विसरलो तरी आतून आवाज दिला की बाहेरून हेच उत्तर यायचं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं आहे की फ्रिजबद्दल लोकांच्या उपयोगाचं काहीतरी लिहा. म्हणून उपयोगाचं आधीच सांगून टाकतो. नंतर मी त्या घराकडे वळणार आहे, आणि तिथं जे पाहिलं त्यानंतर सल्ला द्यायची हिंमत मला राहत नाही.

साइड बाय साइड फ्रिज म्हणजे कपाटासारखी दोन उभी दारं असलेला फ्रिज. आमच्याकडे त्याला कपाटफ्रिजच म्हणतात. डावं दार उघडलं की अख्खा खण बर्फाचा, उजवं उघडलं की भाजीपाल्याचा. दिसायला राजेशाही. पण आत प्रत्येक खण उभा आणि अरुंद असतो, हे दुकानातल्या झगमगाटात कोणाला दिसत नाही. लोक दारं उघडतात, आतला दिवा लागतो, आणि त्यांच्या तोंडावर लग्नात नवरी पाहिल्यासारखं हसू येतं. मी तेव्हा विचारतो, "घरातलं सर्वात मोठं पातेलं केवढं हाये?" लोकांना राग येतो. पण पुरणाचं पातेलं आडवं जात नाही, उभं ठेवता येत नाही, आणि मग सणाच्या दिवशी तुम्ही मला फोन करता. ज्याच्या घरी बर्फात ठेवण्यासारखं काही नाही, त्यानं अर्धा फ्रिज बर्फाचा कायले घ्यावा?

घेतलाच तर मागं आणि बाजूला जागा सोडा. गरम हवा त्याला बाहेर टाकायची असते. भिंतीला चिकटवला तर त्याचा जीव गुदमरतो. वर क्रोशाचं कव्हर आणि त्यावर गणपती ठेवू नका. पाय समपातळीत बसवा, नाहीतर दारं आपोआप उघडी राहतात. दाराचं रबर कोमट पाण्यानं पुसा. कागदाचा कपटा दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर रबर गेलं. आमच्याकडे लाइन जाते-येते, म्हणून स्टॅबिलायझर लावा आणि लाइन गेल्यावर 'थंडी आहे का' म्हणून दर घडीला दार उघडून पाहू नका. असते. तुम्ही पाहायला उघडता म्हणून जाते.

आणि एक गोष्ट, जी पुढं लागणार आहे. या फ्रिजमध्ये थंडी एकाच बाजूला तयार होते: डावीकडे, मागच्या पत्र्याच्या आड. तिथं एक जाळी असते आणि एक पंखा. पंखा ती थंडी बर्फाच्या खणात फिरवतो आणि मधल्या पडद्यातल्या एका झडपेतून थोडी उजवीकडे सोडतो. म्हणजे उजवी बाजू स्वतः काही कमवत नाही. डावीच्या कमाईवर जगते.

लोकांच्या फ्रिजमध्ये मी काय काय पाहिलं याचं वेगळं पुस्तक होईल. मानोऱ्याकडच्या एका बाईनं भर मे महिन्यात बर्फाच्या खणात नवऱ्याच्या बनियनी घडी करून ठेवल्या होत्या. त्या मी ट्रे समजून ओढल्या आणि माझ्या हातात पाटीसारखी कडक बनियन आली. बाई म्हणाल्या, "ठेवा जी, दुपारच्या पाळीची हाये." बाजरीच्या पिठात पुरलेली बोरमाळ पाहिली आहे. जिवंत बेडूक पाहिला आहे, तो आणि मी दोघंही दचकलो. मला वाटायचं की आता फ्रिजचं दार उघडून आपल्याला धक्का बसायचा नाही.

आता त्या घराकडे येतो. रिसोड-वाशीम रस्त्यापासून आत गाव. आबांची दोन मुलं. थोरले वसंतभाऊ, धाकटा गजानन. हळदीचं पीक चांगलं झालं त्या वर्षी आबांनी हौसेनं कपाटफ्रिज घेतला, कारण व्याह्याच्या घरी तसाच पाहिला होता. माझ्या कृपेनं तो माजघरात राहिला. थोरल्या सुनेनं, कांतावहिनींनी, कुंकवानं डाव्या दारावर 'शुभ' लिहिलं आणि उजव्या दारावर 'लाभ'. नारळ फोडला. आबांच्या बायकोनं, सगळं गाव त्यांना माय म्हणतं, फ्रिजला हात लावून तो हात छातीला लावला. मायला साखरेचा आजार. इन्सुलिनच्या बाटल्या आतापर्यंत त्या मडक्याशेजारी ओल्या फडक्यात ठेवत. मी त्यांना उजव्या बाजूचा मधला कप्पा दाखवून सांगितलं, "माय, औषध इथंच ठेवायचं. डाव्या दारात चुकूनही नाही. तिथं गोठलं की वाया गेलं." मायनं ते शब्द देवाचे असल्यासारखे लक्षात ठेवले.

पुढं आबा गेले. वर्षश्राद्ध झालं आणि दोघं भाऊ वेगळे निघाले. का, ते मी विचारलं नाही. मेकॅनिकनं घरातलं फक्त मशीन विचारावं. पण वाटणी कशी झाली ते गावभर माहीत होतं. आमच्याकडे रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे सारखे पडावेत म्हणून ही रीत. वसंतभाऊंनी घराची डावी बाजू, उजवी बाजू असे दोन वाटे केले. फ्रिज विकून टाकू म्हणाले तर माय आडवी आली: "तुमच्या बापानं आनला. माह्या जिवात जीव हाये तवरक तो घरातून निंगनार नाई." मग पंचांनी ठरवलं की ज्याची बाजू त्याचं दार. गजानननं उजवी बाजू उचलली. मायची पाळी लागली, एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. औषध मात्र गजाननच्या बाजूलाच राहिलं, कारण ते उजव्या दारातच ठेवायचं असतं.

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. वसंतभाऊंचा फोन आला, "फ्रिजात लई बर्फ धरून राह्यला," म्हणून मी गेलो आणि दारातच उभा राहिलो.

माजघराच्या मधोमध विटांची भिंत उभी होती. ती समोरून निघून सरळ फ्रिजच्या तोंडावर चालून आली होती आणि त्याच्यापासून हातभर अलीकडे थांबली होती. अलीकडच्या घरात डावं दार. पलीकडच्या घरात उजवं. त्या हातभर फटीतून पलीकडच्या संसाराची एक उभी चीर दिसत होती: अर्धी खुर्ची, अर्धं कॅलेंडर, अर्धा गजानन. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात दोन घरांत राहणारा फ्रिज मी पहिल्यांदा पाहत होतो. आणि माझ्या मनात आलं, मी ते आतलं दार मोजलं असतं, दुसरा फ्रिज दिला असता, तो स्वयंपाकघरात गेला असता, तर या भिंतीला इथून सरळ जाता आलं असतं.

वसंतभाऊ म्हणाले, "पाहून काय राह्यले? या ना. तुमच्याच हातचा फ्रिज हाये."

"हे असं... चालते काय भाऊ तुमाले?"

"चालते कायचं! माह्या वाट्याले बर्फ आला. दूध ठेवलं तं दुधाचा दगड. वांगे ठेवले तं वांग्याचे दगड. 'लाभ' तिकडं गेला, 'शुभ' माह्याकडं. आता शुभ खाऊ काय मी?"

फटीतून गजाननचा आवाज आला. "वाटे कोनं पाडले होते? मी काय?" हे तो मला उद्देशून बोलला. ते दोघं एकमेकांशी बोलत नसत. पाहुणा आला की पाहुण्यामार्फत बोलत.

बर्फाचं कारण साधं होतं. वसंतभाऊंनी हट्टानं खण इतका गच्च भरला होता की दार पूर्ण लागत नव्हतं. बाहेरची दमट हवा आत जाऊन मागची जाळी बर्फानं बुजली होती. मी मागचा पत्रा काढला, गरम पाण्यानं बर्फ पाडला. वसंतभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. माणूस हुशार. विहिरीवरची मोटर स्वतः खोलून बसवणारा.

"हे मधातलं भोक कायचं जी?"

"झडप हाये. याच्यातून तिकडं थंडी जाते."

"इकडून तिकडं?"

"हो. थंडी सारी इकडंच बनते ना."

वसंतभाऊ बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हनजे विहीर माह्या वावरात, अन् पानी त्याच्या."

मी पोट धरून हसलो. घरी येऊन मंगलाला सांगितलं, तीही हसली. वसंतभाऊ हसले नव्हते, हे मला नंतर आठवलं.

मग मे महिना आला. ज्यांनी वाशीम जिल्ह्यातला मे पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो की दुपारी आमच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही आणि मेकॅनिक दिसतो. गजाननचा फोन आला. "भाऊ, फ्रिज थंड करून नाई राह्यला. केव्हाचा तसाच हाये. मी सांगतच नव्हतो, म्हनलं तिकडून उगा काई ऐकाले भेटन. पन आता नासाडी पाहवत नाई."

मी गेलो. उजवं दार उघडलं आणि माझ्या तोंडावर वाफ आली. खोटं नाही सांगत. बाहेर खोलीत होती त्याहून आतली हवा गरम. आतला दिवा जळत होता. टमाटे सुरकुतलेले, लोणच्याची बरणी, आणि मधल्या कप्प्यात स्टीलचा एक डबा.

"दूध ठेवनं तं कवाचंच सोडलं," गजाननची बायको अर्चना म्हणाली. "नासून जाते. वास येते."

"अन् माय कुठी हाये?"

"तिकडं पाळी हाये मायची. काल वाशीमले नेलं दवाखान्यात." गजाननचा आवाज उतरला. "साकर लई वाढली. बोट टोचून पाहाची मशीन हाये ना, तिच्यावर आकडाच येईना, नुसतं इंग्रजीत 'हाय', म्हनजे लई जास्त, म्हून येते. बेसुद पडली होती. कांतावैनी हाये जवळ. मी आत्ताच आलो, जेवनाचा डबा घेऊन पुन्हा जातो."

मला वाईट वाटलं, पण मी फ्रिजचा माणूस, मी फ्रिजकडेच पाहत होतो. मशीन चालू, आवाज बरोबर. मागं धूळ नाही. दाराच्या रबरात कपटा धरला, घट्ट. वरच्या झडपेसमोर हात धरला. वारा नाही. फुंकरीएवढाही नाही. म्हटलं, तिकडून जाळी पुन्हा बुजली असणार. तिकडून पाहावं लागेल.

तिकडं जायला घराला वळसा. वसंतभाऊ दारात आडवे उभे राहिले. "माहं बरोबर चालून राह्यलं. तकरार कोनाची हाये? मंग तिकडंच पाहा ना."

"भाऊ, रोग तिकडं, पन नाडी इकडं हाये."

ते बाजूला झाले. आत पाऊल टाकलं आणि मी थबकलो. जमिनीवर मायची पत्र्याची पेटी पालथी पडली होती. त्यातलं सगळं भुईवर पसरलेलं: लुगडी, आबांचा फेटा, एक फुटका चष्मा, कापडात बांधलेल्या कसल्या कसल्या पुरचुंड्या, बाळाचं एक जुनं झबलं.

"हे काय?"

"बुढी चोरून गूळ खाते," वसंतभाऊ म्हणाले. "रोज सुई देऊन राह्यलो, बरोबर येळेवर देऊन राह्यलो. तरी साकर वर. मंग कशानं वाढते? डाक्टरबाई बी म्हने, गोड खात असतीन. म्हून पेटी झाडली. काई नाई भेटलं. एवढी चालाख हाये. चार दिवस झाले, मी तिले एवढं बोललो, एवढं बोललो... पन कबूल नाई करत."

मी मान हलवली. साखरेची म्हातारी माणसं गूळ चोरतात हे मीही ऐकलं होतं. त्या लुगड्यांवरून पाय ओलांडून मी फ्रिजपाशी गेलो.

डावा खण टणक थंड. पत्र्याचे स्क्रू मी बसवले होते तसे नव्हते. एकाचं डोकं झिजलं होतं. मी पत्रा काढला. जाळीवर बर्फ नव्हता. पंखा गरगरत होता. आणि मधल्या झडपेत, शेताच्या दांडातलं पाणी अडवायला चिंधीचा बोळा ठोसतात ना, अगदी तसा, जुन्या धोतराचा बोळा ठासून बसवलेला होता. वरून पाइपाची गळती बुजवायची लांबी, बोटानं सारवलेली. काम सुबक होतं. बोटांचे ठसे उमटले होते.

मी वळून पाहिलं. वसंतभाऊंनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. बोलू नका, अशी.

फटीतून गजानन म्हणाला, "काय निघालं जी?"

मी लांबी उचकटली, बोळा ओढला. पलीकडच्या बाजूला फस्स करून वारा गेला.

"थंड हवा आली!" पलीकडून अर्चना ओरडली. "काय होतं?"

"कपडा," मी म्हणालो.

"कायचा कपडा?"

मग वसंतभाऊच म्हणाले, भिंतीकडे पाहून, "माह्यावाला."

मी तयार होतो. मला वाटलं आता शिव्या होतील, पंच बसतील. गजानन फटीत तोंड घालून बोलू लागला, आणि या वेळी माझ्यामार्फत नाही. "थंडी बी अडवली तुवा? हवा अडवली? माहे टमाटे नासले, दूध नासलं, मी चूप बसलो. अरे, पानी अडवते मानूस, रस्ता अडवते... थंडी?"

"माहीच होती ना!" वसंतभाऊ ओरडले. "बनते कुठी? माह्या बाजूनं बनते!"

आणि तेवढ्यात अर्चना, शांतपणे, जणू स्वतःशीच, म्हणाली, "अवो, त्याच कप्प्यात तं मायचं इन्सुलिन हाये."

पलीकडून स्टीलचा डबा कप्प्यातून काढल्याचा आवाज आला.

"इन्सुलिन फ्रिजात हाये," वसंतभाऊ म्हणाले. "म्या रोज कांताले धाडून तिकून आनतो. फ्रिजातूनच येते."

"कोनत्या फ्रिजातून, दादा?" गजानन म्हणाला. "याच ना?"

मला आता आठवतं ते वसंतभाऊंचं तोंड. उन्हानं रापलेला माणूस, पण त्याचा रंग माझ्या डोळ्यांदेखत राखेसारखा झाला. ते माझ्याकडे वळले. "पन फ्रिज म्हनजे... आत थंडच अस्ते ना? बंद अस्ते ना दार?"

"भाऊ, तुमी थंडीचीच वाट बंद केली. राह्यलं ते कपाट. मे महिन्यातलं लोखंडाचं कपाट."

दूध नासलं की वास येतो. भाजी नासली की दिसते. औषध नासलं तर ते बाटलीत तसंच पाण्यासारखं स्वच्छ असतं. हा माणूस रोज वेळेवर, न चुकता, आपल्या हातानं आईला पाणी टोचत होता. आणि साखर उतरत नाही म्हणून तिलाच चोर म्हणत होता. तो पालथ्या पेटीशेजारी मटकन बसला. मीही बसलो असतो, पण माझ्या हातात पत्रा होता.

गजानन घराला वळसा घालून धावत आला. मला वाटलं, आता मारतो. तो म्हणाला, "उठ. डाक्टरबाईले सांगा लागते. ती म्हनत होती सुईचा डोस वाढवून देतो, घरी न्या. उठ ना दादा!" मग माझ्याकडे पाहून, "तुमी बी चला. आमाले नाई सांगता येत हे."

गाडी एकच होती, माझी. गजानन चालवायला, वसंतभाऊ मागं, आणि मधे मी, मांडीवर इन्सुलिनचा तो स्टीलचा डबा. इतक्या वर्षांत भावांनी जी भिंत बांधली होती ती त्या दिवशी वाशीमपर्यंत मी होतो. मागून वसंतभाऊंचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं. त्यांच्या अंगाचा थरकाप माझ्या मणक्यात उतरत होता. मोटरसायकलचा, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

डॉक्टरबाई वयानं लहान. त्यांनी विचारलं, "इन्सुलिन फ्रिजमध्येच ठेवता ना?" दोघंही भाऊ माझ्याकडे पाहू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर माझ्या धंद्याचं ऐकायला कान देऊन उभी होती, आणि मला एक वाक्य धड बोलता येईना. कशीबशी झडप सांगितली, बोळा सांगितला. त्यांनी डबा उघडला, बाटली उजेडात धरली आणि खुर्चीवर बसल्या.

"इथलं इन्सुलिन दिल्याबरोबर साखर उतरायला लागली, म्हणून मी चक्रावले होते," त्या म्हणाल्या. "आज मी डोस दुप्पट लिहून देणार होते. घरी गेल्यावर या खराब बाटल्यांनी काहीच झालं नसतं. पण ज्या दिवशी तुम्ही दुकानातून ताजी बाटली आणून हा दुप्पट डोस दिला असता..." त्यांनी हात फक्त खाली नेला. साखर कुठं गेली असती आणि तिच्याबरोबर माय कुठं गेली असती, ते त्या हातानं सांगितलं.

माय जागी होती. सलाइन लावलेला हात चादरीवर, सुकलेल्या फांदीसारखा. कांतावहिनी पायाशी बसलेल्या. वसंतभाऊ खाटेजवळ उभे राहिले.

"माय," ते म्हणाले, "तुवा गूळ नव्हता खाल्ला."

"मी कवाची सांगून राह्यली," माय म्हणाली. मग थोडा दम घेऊन, "एवढ्या शिव्या खाच्याच होत्या तं गूळ बी खाऊन घेतला असता वो मी."

गजानन हसला आणि हसता हसता बाहेर निघून गेला. वसंतभाऊंनी तोंड चादरीत घातलं. मायनं मला ओळखलं. "फ्रिजवाले नाई काय तुमी? सुधरला फ्रिज?"

"हो माय."

"मंग माहं औषध कोनत्या बाजूनं ठेवू?"

"उजव्याच," मी म्हणालो. "मधल्या कप्प्यात."

"मी तिथंच ठेवलं होतं बापा," ती म्हणाली. जणू तिचंच काही चुकलं नाही ना, याची खात्री करून घेत होती.

संध्याकाळच्या आत मी परत येऊन पत्रा बसवला. वसंतभाऊ माझ्याबरोबर आले होते. मी शेवटचा स्क्रू पिळत असताना ते म्हणाले, "भाऊ, ते मधातलं भोक अजून मोठं करता येते काय?"

"कायले?"

"तिकडं जास्त थंडी गेली पायजे."

"नाई येत भाऊ. कंपनीनं बरोबर मापानं देल्लं हाये."

भिंत अजून आहे. माय वाचली, घरी आली, तिची पाळीही चालू आहे. फक्त फटीतून आता माझ्यासारख्या पाहुण्याशिवायही आवाज येतात म्हणे. दुरुस्तीचं म्हणाल तर झडप साफ करून घेत जा, आणि मेकॅनिकनं पत्रा काढला तर पुन्हा कोण काढतं याकडे लक्ष ठेवा. याहून शहाणपण माझ्याकडे नाही.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मंगला गच्चीवरच्या कुरडया उन्हातून काढत होती. मी तिथंच बसलो आणि सगळं सांगितलं: वाफ, बोळा, एका गाडीवर तिघं, डॉक्टरबाईंचा खाली गेलेला हात. खरं सांगतो, मनात थोडी आशा होती की आज तरी ही बाई म्हणेल, बरं झालं तुम्ही गेलात.

मंगलानं ऐकता ऐकता कुरडया उचलणं थांबवलं होतं. ती म्हणाली, "बुढीच्या पेटीतलं सामान भुईवर पडलं होतं म्हन्ता ना?"

"हो."

"ते पुन्हा भरून ठेवलं का कोनी? ती घरी याच्या आंधी?"

मी आठवून पाहिलं. पत्रा बसवायला परत गेलो तेव्हाही लुगडी, फेटा, ते झबलं, सगळं तिथंच होतं. वसंतभाऊ भोकाबद्दल विचारत होते, मी माप सांगत होतो. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मी त्यावरून पाय ओलांडला होता.

"नाई," मी म्हणालो.

मंगलानं पदराला हात पुसले, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी ती हसत नव्हती.

"म्हनजे आज बी बाहेरचंच दार मोजून आले तुमी."